चाकाला जागा

आमच्या वर्कशॉपच्या मागच्या अंगणात एक जुनी फोर्कलिफ्ट आहे. तिचं खरं काम टायरच्या चळती उतरवण्याचं. पण आठवड्यातून दोनदा तरी मी तिचे दात एखाद्या पिकअपच्या पुढच्या डाव्या चाकाखाली घालते आणि तेवढं एकच चाक हळूहळू वर उचलत नेते. स्प्रिंग दबते, गाडी कलते, चाक मडगार्डच्या पोटात शिरतं. मग आत बसलेल्याला मी सांगते, "आता स्टिअरिंग फिरव. अजून. शेवटपर्यंत." कुठेतरी रबर लोखंडाला लागतं आणि झोपेत कुणी दात खावेत तसा आवाज येतो. शेजारी उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाचा चेहरा तेव्हा बघण्यासारखा असतो. दहाच मिनिटांपूर्वी सपाट फरशीवर त्याने त्याच गाडीचे चारी बाजूंनी फोटो काढलेले असतात, आणि टायरभोवती सगळीकडे चांगली चार बोटं फट दिसत असते.

उभ्या गाडीचं कुठेच काही घासत नाही.

मी कराडची. हायवेलगत अण्णांचं टायर रिमोल्डिंगचं दुकान होतं. गळिताच्या हंगामात ते रात्री दोन-दोन वाजेपर्यंत उघडं असायचं, कारण उसाच्या ट्रका दिवसा कारखान्याच्या रांगेत आणि रात्री आमच्या दारात. ट्रकचा हजार-वीसचा टायर उभा केला की साडेतीन फुटांच्या आसपास जातो. मी बालवाडीत होते तेव्हा त्याची आणि माझी उंची सारखी होती, आणि अण्णा दरवर्षी मला त्याच्याशेजारी उभं करून मी किती वाढले ते बघायचे. पुढे गावातल्याच सरकारी इंजिनिअरिंग कॉलेजात मेकॅनिकल केलं, चाकणला एका कारखान्यात सस्पेन्शनच्या भागांवर चार वर्षं काढली, लग्न झालं आणि डॉक्टर नवऱ्याच्या मागोमाग २०१४ मध्ये कोलोरॅडोच्या पश्चिम टोकाला, ग्रँड जंक्शन नावाच्या गावात आले. मोठ्या शहरातले डॉक्टर जिथे यायला नाखूश असतात तिथे परदेशी डॉक्टरला लवकर जागा मिळते, एवढंच त्यामागचं कारण.

कराडला कृष्णा आणि कोयना भेटतात, इथे कोलोरॅडो आणि गनिसन. कोलोरॅडोचं इथलं पात्र १९२१ पर्यंत ग्रँड नदी म्हणून ओळखलं जायचं, म्हणून गाव ग्रँड जंक्शन. संगमावरून उठले आणि संगमावर येऊन पडले. मधलं सगळं मात्र वेगळं. उसाच्या जागी पीचच्या बागा, हिरव्या डोंगरांच्या जागी विटकरी कडे, आणि पावसाच्या जागी नुसतं आभाळ.

पहिली पाच वर्षं मी घरी होते. नवऱ्याच्या व्हिसावर आलेल्या बायकोला इथे काम करता येत नसे. २०१५ मध्ये नियम बदलला आणि ग्रीन कार्डाच्या रांगेत ठराविक टप्प्यावर पोचलेल्यांच्या जोडीदारांना कामाचं कार्ड मिळू लागलं. आमचा तो टप्पा यायला २०१९ उजाडलं. तोवर चाकणचा अनुभव शिळा झाला होता, आणि या गावात मोटारींचा कारखाना नाही. पण पिकअप ट्रक आहेत, दर घरामागे एक. आणि रस्ता संपतो तिथून पुढे जाण्याचं वेड आहे. पश्चिमेला शंभरेक मैलांवर युटामधलं मोआब. तिथले गुळगुळीत लाल खडक चढायला देशभरातून गाड्या येतात. त्या गाड्या उंच करायच्या, त्यांना मोठे टायर घालायचे, हा इथला धंदा. एका वर्कशॉपच्या दारावर "माणूस पाहिजे" अशी पाटी होती. मी आत गेले. मालकांनी विचारलं, "काय येतं?" मी म्हटलं, "टायर खोलता येतो." त्यांना वाटलं मी थट्टा करते आहे. त्यांनी मशीनऐवजी दोन टॉमी माझ्या हातात दिल्या. अण्णांची आठवण काढली आणि टायर रिमवरून उतरवला. अंगठा थोडा सोलला, तो खिशात घातला.

हे वेड मुळात कुठून आलं ते नंतर कळलं. मिझुरीत सेंट लुइसजवळ बॉब चँडलर नावाचा एक माणूस होता. त्याने आपल्या १९७४ च्या फोर्ड एफ-२५० पिकअपला मोठमोठे टायर घालत घालत तिचं 'बिगफूट' केलं आणि १९८१ मध्ये एका शेतात भंगार मोटारींवरून ती चालवून दाखवली. तेव्हापासून पोरांच्या डोक्यात जे बसलं ते बसलं.

गेल्या वर्षी मेमध्ये असाच एक पोरगा आला. तेवीस-चोवीसचा, जवळच्या पॅलिसेड गावातल्या पीच बागेत काम करणारा. २०१८ ची टोयोटा टॅकोमा, कुणाकडून तरी घेतलेली, आधीच्या मालकाने पुढून-मागून तीन इंच उचललेली. त्याला ३५ इंची टायर हवे होते. मित्राच्या गाडीला ३५ होते, हे कारण त्याने दडवलं नाही, हे मला आवडलं.

"तीन इंच उचलली की ३५ बसतात म्हणे," तो म्हणाला.

"बसतात," मी म्हटलं. "वळत नाहीत."

मग त्याला मागे नेलं, फोर्कलिफ्टकडे. हे मी आता बोलण्यात वेळ न घालवता करते. कारण उंची आणि जागा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे तोंडी सांगून आजवर कुणाला पटलेलं नाही. आमच्याकडे बहुतेकदा येते ती लिफ्ट म्हणजे पुढे उंच स्प्रिंग-शॉकॲब्सॉर्बर आणि मागे जादा कमानीचे पाटे. त्याने गाडी उभी असताना उंच दिसते. पण खड्ड्यात चाक आदळून स्प्रिंग पुरती दबली की चाक जिथवर आधी जात होतं तिथवरच जातं. मडगार्डच्या आतली पोकळी होती तेवढीच राहते, फक्त आता तिच्यात मोठं चाक घुसवायचं असतं. उंच ओट्यावर बांधलेलं घर लांबून मोठं दिसतं, पण आतली खोली तेवढीच, तसं.

दुसरी गोष्ट तर लोकांना आणखीच खटकते. गाडी कितीही उचला, मागच्या एक्सलचा डिफरन्शियलचा गोळा जमिनीपासून तेवढ्याच उंचीवर राहतो. तो चाकाच्या मधोमध बसलेला असतो, बॉडी वर गेली तरी तो आपल्या जागेवरच. त्याला वर न्यायचं तर टायरच मोठा हवा. आणि टायर दोन इंचांनी वाढवला तर मधला गोळा एकाच इंचाने वर जातो, कारण दुसरा इंच टायरच्या डोक्यावर असतो. पोराच्या गाडीवर मूळ माप होतं २६५/७०-१६, म्हणजे साडेतीस इंचांहून जरा जास्त उंची. मी त्याला २८५/७०-१७ सुचवला, जवळपास पावणेतेहतीस. बोलीभाषेत हाच '३३'. एवढा सगळा खर्च करून दगडावर त्याला मिळणार होता एक इंच आणि वर थोडंसं. तो गप्प झाला. मग म्हणाला, "एका इंचाने काय होतं?"

मोआबला ज्याच्या डिफरन्शियलने कधी खडक खरवडला आहे तो असा प्रश्न विचारत नाही. पण हे मी बोलले नाही. आमच्या वर्कशॉपमधल्या सगळ्यात जुन्या मेकॅनिकने दोन बोटांच्या चिमटीत एक इंच धरून दाखवला आणि म्हणाला, "एवढ्यासाठी मी एकदा रात्रभर बायकोबरोबर वाळवंटात बसलो होतो." त्याने काम झालं.

३३ ठरले. आता रिम. पोराने इंटरनेटवरून आधीच चार रिम मागवून ठेवले होते, काळे, रुंद, बाहेर निघालेले. चाक बाहेर काढलं की गाडी रुबाबदार दिसते, मान्य. पण दाराचा विचार करा. बिजागरीजवळचा भाग दार उघडताना जेमतेम हलतो, कडेचा भाग खोलीभर फिरून येतो. चाक जितकं बाहेर, तितका त्याचा वळतानाचा फेर मोठा. जो टायर मूळ रिमवर निभावला असता तोच बाहेर निघालेल्या रिमवर पुढे बंपरच्या प्लॅस्टिकला आणि मागे केबिनच्या कोपऱ्याला धडकतो. वर हबच्या बेअरिंगवर जादा ताण येतो तो वेगळाच. रिम परत करता येत नव्हते. म्हणजे माझं काम वाढलं.

टायर चढवणं हा यातला सगळ्यात सोपा भाग. मशीन फिरतं, टायर रिमवर बसतो, कडेला साबणाचं पाणी, मग हवा. कड जागेवर बसताना 'फट्' असा आवाज होतो, आधी एका बाजूने, मग दुसऱ्या. चाळीस पौंडांवर हवा गेली आणि कड बसली नाही तर थांबायचं, हवा सोडायची, पुन्हा साबण लावायचा. हा नियम मी कधीही मोडत नाही आणि नव्या पोरांना मोडू देत नाही. कराडला ट्रकच्या चाकांना लॉक रिंग असायची. हवा भरताना ती नीट बसली नसेल तर उडते, आणि उडाली की माणूस राहत नाही. अण्णा हवा भरण्याआधी चाकाच्या भोकांतून आडवी पहार घालत आणि स्वतः बाजूला उभे राहत. चाकासमोर कुणी दिसलं तर शिव्या. मी सहा वर्षांची असताना अण्णांची जन्मात एकच थोबाडीत खाल्ली, ती चाकासमोरून पळत गेले म्हणून. इथल्या एकाही चाकाला लॉक रिंग नाही. तरी 'फट्' झालं की माझे पाय आपोआप बाजूला सरकतात.

मग खरं काम सुरू झालं. एक चाक वर, स्टिअरिंग शेवटपर्यंत, हातात टॉर्च आणि खडू. जिथे रबर लागतं तिथे खूण. पहिलं लागलं मडगार्डच्या आतलं प्लॅस्टिकचं अस्तर. त्याला हीट गनने ऊब देऊन मागे दाबलं आणि पट्ट्यांनी आवळलं. त्याच्यामागे पत्र्याची उभी शिवण असते, दोन पत्रे जोडलेली कडा. ती हातोड्याने सपाट केली, त्यावर सीलंट आणि रंग. मडफ्लॅप काढले. आणि एवढं करून उरलं ते केबिन माउंट.

हे केबिन माउंट म्हणजे चासीला जोडलेला लोखंडी हात. त्यावर रबरी बुश, आणि बुशवर केबिनचा पुढचा कोपरा टेकलेला. पुढच्या चाकाच्या बरोबर मागे. टॅकोमाला ३३ घालणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाची गाठ याच्याशी पडते. घासणारा भाग असतो त्याचा पुढचा कोपरा. तो कापायचा, उघड्या पडलेल्या तोंडावर नवा पत्रा वेल्ड करायचा. गिऱ्हाइकाला हे सांगितलं की त्याचा रंग उडतो. नव्या बुटासाठी पायाचं बोट कापतेस का, असं मला एकाने विचारलं होतं. उपमा चुकीची आहे, पण अगदीच चुकीची नाही.

त्याआधी मी एक खटपट करून बघते. गाडी उचलली की पुढच्या चाकांचा कॅस्टर, म्हणजे चाक ज्या रेषेवर वळतं तिचा मागे झुकलेला कोन, कमी होतो. मग हायवेवर गाडी भरकटते, स्टिअरिंग आपोआप सरळ होत नाही. अलाइनमेंट करताना खालच्या आर्मचे कॅम फिरवून चाकाचा खालचा भाग पुढे ओढला तर कॅस्टरही वाढतो आणि टायर केबिन माउंटपासून थोडा लांबही जातो. एका दगडात दोन पक्षी. पण पुढे फार ओढलं तर टायर बंपरला लागतो. पुढे आड, मागे विहीर. त्या गाडीवर मी अर्धा दिवस मिलिमीटरांशी खेळत होते. बाहेर काढलेल्या रिमने दिलेली जागा कॅमने परत मिळत नव्हती. शेवटी ग्राइंडर उचलला.

बॅटरी सोडवली. ब्रेकच्या पाइपांवर आणि वायरिंगवर ओलं फायरप्रूफ कापड टाकलं. केबिनच्या आतला गालिचा वर केला, एक पोरगा अग्निशामक घेऊन आत बसवला, कारण वेल्डिंगची ऊब पत्र्यातून वर जाते. तिरकी रेघ आखली आणि कापलं. हातात आला एक त्रिकोणी तुकडा, समोशाएवढा. उघडं तोंड घासून चकचकीत केलं, मापाचा पत्रा कापला, वेल्ड केला, थंड होऊ दिला, प्राइमर, रंग. हे करताना मी फार गप्प असते. कुणाच्या तरी कारखान्यात कुणीतरी त्या माउंटचा आकार ठरवताना हिशेब केला असणार. मी चाकणला तसेच हिशेब करायचे. माझ्या ड्रॉइंगवर असा कुणी दूर देशात ग्राइंडर चालवला असेल का, हे मला त्या वेळी हमखास आठवतं.

आणि मला २०२० ची चूक आठवते. तेव्हा मी नवीन होते. दुसऱ्याच कंपनीचा पिकअप, मोठे टायर, अशीच फोर्कलिफ्ट चाचणी. माउंट आणि टायर यांच्यामध्ये चार मिलिमीटर फट राहिली. मी फीलर घालून मोजली आणि खूश झाले. चारही बाजूंनी घासत नाही असं कागदावर लिहून दिलं. चार दिवसांनी तो माणूस परत आला. टायरच्या खांद्यावरचे रबराचे गट्टे एका रेषेत तासलेले, अस्तर फाटून लोंबत होतं. त्याने काही आगाऊपणा केला नव्हता. एका खडकाळ उतारावर स्टिअरिंग वळवून ब्रेक दाबला होता, एवढंच. आणि मी जे विसरले ते हेच. ब्रेक लागला की चाक मागे ढकललं जातं. आर्मच्या बुशमध्ये रबर असतं, ते दबतं, आणि सगळं चाक काही मिलिमीटर मागे सरकतं. फोर्कलिफ्टवर चाक फिरतही नाही आणि ब्रेकही लागत नाही. त्यातून त्याने खडकांसाठी हवा पंधरा पौंडांवर आणली होती, म्हणजे टायर बाजूंनी फुगलेला. माझे चार मिलिमीटर कराडच्या बाजारात चार आण्याच्या नाण्याला जेवढा भाव तेवढे.

मालकांनी त्याला नवा टायर दिला. मला काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं. त्या दिवसापासून मी अंगठा मावेल एवढी फट ठेवते, आणि गाडी मागच्या उतारावर नेऊन स्टिअरिंग वळवून, ब्रेक दाबून, पुढे आणि रिव्हर्समध्ये स्वतः चालवून बघते. शिवाय हातातला टायर मोजते. ३३ असं लिहिलेले दोन कंपन्यांचे टायर शेजारी उभे केले तर अर्ध्या इंचाचा फरक सहज सापडतो. बाजूच्या अक्षरांवर विश्वास ठेवायचा नाही.

अक्षरांवरून हवेचं सांगायला हवं. या टायरांच्या बाजूवर ८० पौंड असं छापलेलं असतं, आणि दर महिन्याला कुणीतरी ८० पौंड भरून येतं, कंबर धरून. ती टायरची कमाल मर्यादा आहे, गाडीची गरज नव्हे. दारावरच्या स्टिकरचा आकडाही आता चालत नाही, कारण तो मूळ टायरसाठी होता. नव्या टायरला तेवढ्याच वजनासाठी बहुधा थोडी जास्त हवा लागते. आम्ही तक्त्यावरून सुरुवात करतो आणि मग खडू घेतो. टायरवर आडवी जाड रेघ मारायची, सरळ रस्त्यावर थोडं चालवायचं, उतरून बघायचं. मधला खडू गेला आणि कडा राहिल्या तर हवा जास्त, कडा गेल्या तर कमी. पोराच्या गाडीला तिसऱ्या रेघेला जमलं.

मग वाईट बातम्यांचा तास. हा भाग मी चहा घेऊन करते. टायर सात टक्क्यांनी मोठा झाला, म्हणून स्पीडोमीटर ६० दाखवेल तेव्हा गाडी ६४ ने जात असेल. पोलिसाला हे सांगून उपयोग नाही. गाडी किती मैल चालली तेही ती कमीच सांगेल. मशीन लावून आम्ही ते दुरुस्त करतो, पण गिअरचं दुरुस्त होत नाही. टॅकोमाच्या ऑटोमॅटिकला ३.९१ चं गुणोत्तर असतं, मोठ्या चाकाने ते ३.६६ असल्यासारखं वागतं. डेन्व्हरला जाताना आय-७० वरचा आयझेनहॉवर बोगदा ११ हजार फुटांच्या वर आहे. त्या चढावर गिअरबॉक्स वर-खाली करत बसणार. प्रत्येक चाक काही किलोंनी जड झालं आहे, तेव्हा गाडी निघायलाही आळशी आणि थांबायलाही. पुढून उंच झालेले दिवे समोरच्याच्या डोळ्यांत जातात, ते खाली केले आहेत. आणि पाचवा टायरही याच मापाचा घे. लोक पैसे वाचवायला स्टेपनी जुनीच ठेवतात. मग खडकात एक टायर फुटतो, छोटी स्टेपनी लागते, फोर व्हील ड्राइव्ह चालू असतो, आणि दोन मापांची चाकं डिफरन्शियलला पिळून काढतात.

पोराने पाचवा घेतला. हप्त्याने.

एक गोष्ट मी गिऱ्हाइकांना सांगत नाही, कारण धंद्यात राहून ती सांगणं म्हणजे ढोंग वाटेल. माझी मुलगी सात वर्षांची आहे. शाळा सुटताना फाटकासमोर ज्या गाड्या उभ्या असतात त्यांतल्या निदान चार मी उंच केलेल्या आहेत. त्यांच्या बॉनेटसमोरून ती गेली की ती दिसत नाही, फक्त तिच्या दप्तराला बांधलेला फुगा दिसला होता एकदा, वाढदिवसाच्या दिवशी. इथल्या इन्शुरन्स इन्स्टिट्यूट फॉर हायवे सेफ्टीने २०२३ मध्ये पादचाऱ्यांच्या जवळपास १८ हजार अपघातांचा अभ्यास प्रसिद्ध केला. बुटक्या, उतरत्या बॉनेटच्या गाड्यांच्या तुलनेत ४० इंचांहून उंच बॉनेटच्या गाड्यांची धडक जिवावर बेतण्याची शक्यता सुमारे ४५ टक्के जास्त निघाली. अनेक पिकअप तर कारखान्यातूनच तेवढ्या उंच निघतात. मी त्यात तीन इंच घालते. नुसत्या दिखाव्यासाठी पुढून वर आणि मागून खाली केलेली गाडी मात्र मी करत नाही. नॉर्थ कॅरोलायनाने २०२१ मध्ये तसल्या गाड्यांवर बंदीच आणली. मालकांना मी सांगितलं आहे, ते काम आलं की मला सुट्टी द्या. आजवर दोनदा घेतली.

साताऱ्याचा भाचा मधे फोनवर मागे लागला होता, मामी, थारला काय काय घालू ते सांग. त्याला म्हटलं, मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आधी वाच. कारखान्याने दिलेल्या मापापेक्षा वेगळं काही केलंस तर आरटीओ तुझ्या मागे आणि विमा कंपनी पुढे. तो म्हणाला, तू स्वतः तेच करतेस की. करते. बोलण्यासारखं काही नव्हतं.

अण्णा आता पंच्याहत्तरचे आहेत. दुकान विकलं. ज्याला विकलं तो रिमोल्ड करत नाही, नवेच टायर विकतो. रोज सकाळी, म्हणजे माझ्या रात्री, व्हिडिओ कॉल असतो, आणि त्यांना नातीपेक्षा वर्कशॉप बघण्यात जास्त रस. त्या दिवशी मी उशिरापर्यंत वर्कशॉपमध्ये थांबले होते, म्हणून फोन टॅकोमासमोर धरला.

"केवढा माल भरतो ह्यात?" त्यांचा पहिला प्रश्न.

"माल नाही भरत, अण्णा. फिरायला जातो."

"रिकामी?"

"रिकामीच."

बराच वेळ ते काही बोलले नाहीत. त्यांच्या आयुष्यात मोठा टायर आला तो ओझ्यासाठी. लाकडी चाक जाऊन उसाच्या गाडीला डनलॉप आलं ते बैलांना चिखलातून ओढता यावं आणि चार मोळ्या जास्त याव्यात म्हणून. दहा टनांच्या ट्रकवर पंधरा टन घालून आलेल्या ड्रायव्हरशी ते भांडायचे, टायर फाटला तर माझ्या नावाने बोंबलू नकोस म्हणायचे, आणि मग त्याचाच टायर उधारीवर रिमोल्ड करून द्यायचे. त्यांना ही रिकामी गाडी कशी समजावून सांगायची? मी खडक दाखवले, मोआबचे फोटो. "मग चालत जाता येत न्हाय व्हय तिथं?" असं त्यांनी विचारलं. येतं, अण्णा. चालत जाणारेही आहेत.

पोरगा ठरल्याप्रमाणे परत आला. नवे रिम बसवले की नट पुन्हा आवळून बघावे लागतात, रंगाचा थर दबतो आणि नट सैल पडतात. चार चाकं, प्रत्येकी सहा नट. टॉर्क रेंच प्रत्येक नटावर 'कट्' करत गेला. मागच्या उजव्या चाकाचा एक नट पाव फेरा फिरला, मग 'कट्'. गाडीच्या हौद्यात त्याने चार रिकाम्या पेट्या आणि एक फावडं टाकलेलं होतं. मोआबजवळच्या व्हाइट रिम नावाच्या वाटेवर जाऊन आला होता. शंभर मैलांचा कच्चा रस्ता, दोन रात्री. घासलं का, मी विचारलं. नाही म्हणाला. मी तरी खाली वाकून बघितलं. माउंटच्या नव्या पत्र्यावर लाल मातीचा पातळ थर बसला होता, कुठेही ओरखडा नव्हता.

फोन काढून तिथला फोटो घेतला आणि अण्णांना पाठवला. सकाळी उठले तेव्हा त्यांचा आवाजी निरोप येऊन पडला होता. पाठीमागे कुकरची शिट्टी, आणि मग अण्णा, "वेल्डिंग बरं हाय. कडंला जरा जास्त घासलंयस. रंगाचा आणखी एक हात मार, पोरी, न्हायतर पावसाळ्यात गंजंल."

इथे पावसाळा नसतो. पण पोराला फोन करून बोलावलं, आणि रंगाचा आणखी एक हात मारला.